आठ डोक्यांचा कॉम्प्युटर आणि ठकूची झोप

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, तुम्हाला सांगते, आमच्या घरात शांतता झाली आणि तेव्हापासून माझ्या जिवाचं घड्याळ बिघडलं ते बिघडलंच... बसा, बसा, पाळण्याकडे बघून कुजबुजू तर मुळीच नका, खुर्ची ओढायची असेल तर चांगली खरवडत ओढा. मी सांगते सगळं, फक्त मधे मला थांबवू नका. विषय प्रोसेसरचा आहे आणि तो थांबत थांबत सांगण्यासारखा नाही.

तर आमच्याकडे जुना कॉम्प्युटर होता, नणंदबाईंचा. नणंदबाई बेकरीत पहाटेच्या पाळीला असतात. चारला भट्टीसमोर, एकला घरी, जेवण, आणि दोनला कॉम्प्युटरपुढं. लढाईचा गेम. हातात बंदूक, समोर पूल, आणि तो पूल ओलांडायचा, बस. पण वर्ष झालं तरी पूल काही ओलांडून होईना, कारण त्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर दोन कोअरचा. कोअर म्हणजे काय विचाराल, तर डोकं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि त्याच्या आत जितकी डोकी बसून काम करतात तितके कोअर, हे मला नणंदबाईंनीच सांगितलं. आता दोनच डोकी, तीही वयानं थकलेली. पुलावर दहा शत्रू आले की चित्र जागच्या जागी थिजायचं, नणंदबाई धारातीर्थी पडायच्या, आणि आतला पंखा असा घरघरायचा, असा घरघरायचा, की टेबल थरथरायचं, टेबलाला लागून कपाट, कपाटातल्या बशा किणकिणायच्या, आणि कपाटामागच्या भिंतीला टेकून आमच्या ठकूचा पाळणा.

ठकू सात महिन्यांची आहे. जन्मल्यापासून त्या घरघरीत झोपली. दोनला नणंदबाई पुलावर, सव्वादोनला ठकू झोपेत, आणि साडेचारपर्यंत मी माणसात. त्या वेळात मी जेवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचे, आणि उरलेला वेळ ती श्वास घेते आहे ना ते बघत बसायचे. मला वाटायचं, पोर किती गुणाची. पोर गुणाची नव्हती हो, प्रोसेसर गुणाचा होता.

पण चांगलं चाललेलं कुणाला बघवतं का? आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या धंद्यात आवाज म्हणजे आजार. रोज संध्याकाळी त्या घरघरणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघून मान हलवायचे, "हा एक दिवस मान टाकणार. ऐकतेस ना? हे यंत्र सुखात नाही." मी म्हणायचे, "यंत्र नसेल सुखात, मी आहे." पण माझं ऐकतो कोण? एके दिवशी पुलाच्या अगदी शेवटच्या फळीवर चित्र थिजलं आणि नणंदबाई ताडकन उठल्या. "वहिनी, आजच्या काळात दोन कोअर? हसतील लोक." आणि आणला की नवा, आठ कोअरचा. जुना दुकानदाराला बदल्यात देऊनसुद्धा टाकला, मला एका शब्दानं न विचारता. मी म्हटलं, असेल, आठ डोकी आहेत म्हणजे आवाज चौपट करील, पोर चौपट झोपेल. माझा आपला साधा विचार.

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तो सुरू झाला. आमचे हे मुद्दाम अर्धी रजा टाकून आले होते. डब्याला कान लावला आणि मला म्हणाले, "ऐकलंस?"

"नाही."

"अगदी बरोबर. ऐकायला काही नाहीच."

चेहरा असा फुलला होता, तुम्हाला सांगते, ठकू झाली तेव्हासुद्धा एवढा फुलला नव्हता, कारण ठकू आवाज करत आली होती. तिकडे नणंदबाईंनी चार मिनिटांत पूल ओलांडला. वर्षभर ज्या पुलावर मेल्या तो चार मिनिटांत ओलांडला आणि पलीकडे जाऊन आता काय करायचं म्हणून उभ्या राहिल्या. आणि इकडे पाळण्यात ठकूनं दोन्ही डोळे टक्क उघडून आढ्याकडे बघायला सुरुवात केली. जसं काही घरातलं एक माणूस कमी झालंय आणि ते कोण हे ती आठवतेय.

मग नणंदबाईंनी मला कौतुकानं पडद्यावर आठ चौकोन दाखवले. एकेका कोअरचा एकेक चौकोन, कोण किती काम करतंय त्याची रेघ त्यात वरखाली होते. बघते तर काय, एका चौकोनात रेघ नुसती उड्या मारतेय आणि बाकीचे सात चौकोन सपाट.

मी विचारलं, "ताई, हे सात काय करतात?"

"ते तयार असतात, वहिनी."

"कशासाठी?"

"लागले तर."

सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "लागले तर तयार असणारी माणसं मला ठाऊक आहेत. तुझे सासरे जन्मभर तयारच होते."

म्हणजे बघा. डोकी आठ, आणि राबतंय एक.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला, चौथा गेला. ठकू दुपारी झोपेना. झोपेना म्हणजे रात्रीसुद्धा चिडचिड, दूध नीट पिईना, आणि मी... माझं डोकं म्हणजे तुम्हाला माहीत आहे, एकच कोअर आहे पण चोवीस तास चालू. बाळ झोपलं नाही तर वाढत नाही म्हणतात, वाढलं नाही तर उद्या शाळेत पुढच्या बाकावर, पुढच्या बाकावर म्हणजे फळ्याची सगळी धूळ नाकात, धूळ नाकात म्हणजे... कुठल्या कुठे जाऊन पोचले मी. डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, "घरात शांतता ठेवा." म्हटलं, बाई, तेच तर दुखणं आहे.

काय काय नाही केलं? मिक्सर लावला, तर ठकूनं हंबरडा फोडला. वॉशिंग मशीन लावलं, तर ते मधेच थांबून विचार करतं, आणि ते विचार करायला लागलं की ठकूही डोळे उघडून विचार करायला लागते. मोबाइलवर पंख्याचा आवाज लावला, तर तिला पंखा नको, मोबाइल हवा, तोही तोंडात. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी तिच्या शेजारी पडून घोरा. ते घोरतसुद्धा नाहीत हो, तत्त्वात बसत नाही.

शेवटी शनिवारी पोरीला काखोटीला मारलं आणि गेले दुकानदाराकडे. म्हटलं, आमचा जुना द्या परत. तो म्हणाला, "बाई, त्याचे कालच सुटे भाग केले. दोन कोअरचं आता काय करायचंय? मी दिलेला माल एकदम भरवशाचा आहे. अडकणार नाही, बंद पडणार नाही, आणि तापणार तर अजिबात नाही."

"तापवायचा कसा?"

"काय?"

"तो तापला की पंखा फिरतो, पंखा फिरला की आवाज होतो. तर तापवायचा कसा, ते सांगा."

त्यानं दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ठकूकडे. म्हणाला, "पंचवीस वर्षं दुकान चालवतोय, लोक थंड कसा ठेवायचा ते विचारतात." मग बिचारा खाली बसला आणि समजावून सांगायला लागला, की बाई, बंदुकीच्या गेमला एकदोन कोअर पुरतात. गेम सगळं काम पुढं बसलेल्या एकाच्या गळ्यात घालतो, बाकीचे बसून राहतात.

"मग आठ दिलेत कशाला?"

"पुढे उपयोगी पडतील."

पुढे उपयोगी पडतील! आमच्या माळ्यावर सासूबाईंनी असं पुढे उपयोगी पडणारं इतकं ठेवलंय, की आता माळाच उपयोगी पडत नाही. सगळीकडे तीच तऱ्हा. डोकी आठ, आणि राबतंय एक.

पण माणूस मनाचा चांगला. ठकूनं त्याची वायर चावली तरी रागावला नाही. म्हणाला, "आठही कोअर कामाला लावायचे असतील तर एकच उपाय. शहर वसवायचा गेम घ्या. त्यातला एकेक माणूस स्वतःच्या मनानं वागतो, कामावर जातो, घरी येतो, रस्ता चुकतो. लाखभर माणसं झाली की आठांनाही घाम फुटेल."

"लाख कधी होतील?"

"ते तुमच्या कारभारावर आहे."

घरी आले आणि रोज दुपारी मी त्या खुर्चीत बसायला लागले. नणंदबाई फुरंगटल्या. "वहिनी, कॉम्प्युटर मी घेतलाय."

"तुम्हीच घेतलात. पोरीची आत्या कोण?"

"...मी."

"मग मला आधी घर कसं बांधायचं ते दाखवा."

पण मी पहिल्यांदा घर नाहीच बांधलं, दवाखाना बांधला. नणंदबाई म्हणतात, "अहो, आधी माणसं तरी येऊ दे." म्हटलं, आणि येता येता कुणी पडलं म्हणजे? मग दुसरा दवाखाना, पहिला बंद असला तर. मग आगीचा बंब. तळ्याला कठडा, शाळेसमोर गतिरोधक, गतिरोधकासमोर पाटी. गावात माणसं बारा आणि दवाखाने तीन. नणंदबाईंनी कपाळाला हात लावला, पण तुम्हाला सांगते, माझ्या शहरात कुणी दगावेना आणि कुणी गाव सोडून जाईना. वाढली की वस्ती. तीस हजारांना त्या डब्यानं पहिल्यांदा हुंकार दिला. साठ हजारांना कुणी दुसऱ्या खोलीत कण्हावं तसा कण्हला. आणि दहाव्या दिवशी, नव्वद हजारांवर दोनशे माणसं असताना, आठही चौकोनांत आठही रेघा उड्या मारायला लागल्या, पंखा घरघरला, टेबल थरथरलं, कपाटातली बशी किणकिणली... आणि पाळण्यात ठकूनं एक जांभई दिली आणि झोपली. मी पदर तोंडात कोंबून रडले. तेवढ्यात आमचे हे आले, दारातच थबकले. "आवाज कसला? थांब, उघडून बघतो." आणि पान्हा घेऊन निघाले की. सासूबाई आडव्या उभ्या राहिल्या. "त्या डब्याला बोट लाव, जेवायला वाढणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग. कुठलं होतंय? मला वाटलं होतं, ती झोपली की मी उठेन, जेवेन, नाहीन. पण उठायची सोय नाही. मी दोन घास खायला गेले की तिकडे कचरा तुंबतो, पाणी जातं, लोक बोचकी बांधून शहर सोडून निघतात, लोक निघाले की डोकी रिकामी, डोकी रिकामी की पंखा मंद, आणि पंखा मंद झाला की ठकूची पापणी हलते. शिवाय सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसतात. "अगं, त्या तळ्याकाठच्या बाईच्या दारात दिवा नाही. एकटी येते-जाते बिचारी." तिला दिवा द्या, याला रस्ता द्या. एका पोरीला झोपवायला मी लाखभर परक्यांचं करतेय, केस धुवून दहा दिवस झाले.

मला कुणी विचारतं, आठ कोअरचा भरवशाचा आहे का? तर आहे. एकदा अडकला नाही, एकदा बंद पडला नाही, माझी तक्रार तीच आहे. गेमसाठी घ्यावा का? बंदुकीचा खेळ असेल तर नका घेऊ, तिथं डोकी आठ आणि राबतंय एक. शहर वसवणार असाल तर घ्या, पण मग तुमचं नववं डोकं धरून चाला.

हे सगळं काल बोलले असते तर इथंच संपलं असतं. पण आज... आज पुन्हा दोन वाजून दहा मिनिटं. एक लाख चार हजार माणसं सुखानं नांदताहेत, ठकू झोपलेली, आणि पडद्यावर काहीतरी चिठ्ठी आली. नणंदबाईंनी बटण दाबलं आणि आनंदानं वाचून दाखवलं, "वहिनी, गेमवाल्यांनी सुधारणा पाठवलीय. आता शहर कितीही वाढू दे, काम इतकं हलकं केलंय की मशीन तापणारच नाही."

पंखा मंदावला. एक लाख चार हजार माणसं चवड्यावर चालल्यासारखी मुकाट कामावर निघाली. बशी गप्प. आणि ठकूचा एक डोळा उघडला.

तेव्हा मी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही, तोंडाला येईल ते, खरवडल्यासारख्या एका सुरात, आणि तो डोळा मिटला. थांबले, तर उघडला. म्हणून मग पुन्हा बोलायला लागले. सासूबाई ऐकून ऐकून तिथंच डुलक्या घेताहेत, बघा. नणंदबाई तोंड चुकवून पुलाकडे पळाल्या. आणि तेवढ्यात देवासारखे तुम्ही दारात आलात... थांबा, हलली का ती? नाही. झोपलीय. तुम्हाला वाटलं असेल, ही बाई श्वास का घेत नाही. अहो, घेतला तर पोर उठते. आता आठही डोकी थंडगार, आणि राबतंय एक. माझं.

तर एवढं माझं काम करा. जाल तिथं निरोप पोचवा, शेजारीपाजारी, कामावर, दुकानात. कुणाकडे जुना, दोन कोअरचा, धूळ खाल्लेला, घरघरणारा कॉम्प्युटर असेल तर आमच्याकडे पाठवा म्हणावं. दुरुस्त करू नका, पुसू नका, आणि घेऊन याल तेव्हा आमचे हे घरी नाहीत एवढं बघा. साडेचारपर्यंत माझा घसा काय टिकत नाही.

निघालात? बरं, या मग. जाताना तेवढं दार आपटून जा.