खाली ठेवलेला कप

—चोळू नकोस गं, फोड आहे तो, चोळून जिरतो का कधी? पाय नुसता वर ठेव, त्या उशीवर. मळू दे, उशा मळायलाच असतात. माझ्या रुवैदाने सकाळी पट्टी बांधलीय ना, मग झालं तर. तिच्या हाताला गुण आहे, शेळीचा पाय बांधते तसाच माणसाचा बांधते. बाकीचे गेलेत घळीत, जाऊ देत, तुझं काही चुकत नाही तिथे. वर ऊन, खाली दगड, मधून पाण्याची एक रेघ, आणि त्या रेघेचे फोटो. संध्याकाळी लालबुंद होऊन चढून येतील. तू कॉफी घे. कडू आहे, वेलदोडा जास्त पडलाय आज माझ्या हातून, पण गार झाली की आणखी कडू लागते. आणि पुरे झाली की कप असा हलवायचा—बघ, असा—नाहीतर मी ओततच राहीन. मला थांबता येत नाही, कॉफीतही आणि बोलण्यातही. आमचे हे म्हणतात तसं. म्हणजे म्हणायचे. गेला आठवडाभर काहीच म्हणत नाहीयेत.

त्या हैथमला मी दर खेपेला सांगते, बाबा रे, कोरे बूट घालून आलेल्या माणसाला घळीत उतरवू नकोस. पण ऐकतो कोण? गाईड आहे ना तो! अम्मानचा पोरगा, बापाचं फरशांचं दुकान. गाडी आमच्या वळणावर आली की डोक्याला लाल चौकडीचा रुमाल गुंडाळतो आणि मग सुरू—आम्ही वाळवंटाची लेकरं, आम्ही ताऱ्यांच्या वाटेने चालतो. अरे, तुला माझ्या घरातली मोरी सापडत नाही, तू कुठला तारे शोधतोस! आमच्या गच्चीवरच्या टीव्हीच्या थाळीवर घोंगडी टाकायला लावतो, फोटोत यायला नको म्हणून. आणि तो तंबू पाहिलास ना, बाहेर? आमचा नाही तो. आमचा सासूबाईंच्या माघारी फाटला, शेळ्यांनी खाल्ला. हा कंपनीचा, अम्मानहून ट्रकमधून आला. आम्ही या सिमेंटच्या घरात राहतो, फ्रिज आहे, पंखा आहे, आणि पाहुणे आले की सगळी वरात तंबूत—जणू काही जन्मल्यापासून तिथेच बसलोय.

हसू नकोस. बरं, हस. तुझ्याशी बोलता तरी येतं. बाकीच्यांशी नुसत्या माना हलवायच्या. तुझी आजी इर्बिदची ना? कळतंच ते. अमेरिकेत वाढलीस, पण बोलतेस अगदी सत्तर वर्षांच्या म्हातारीसारखी. रुवैदा सकाळी म्हणत होती, तू मला मावशीसारखं खाला म्हणतेस ते तिला भारी आवडलं—म्हणे आमच्या पुस्तकातसुद्धा तुझ्यासारखे जुने शब्द राहिले नाहीत आता.

पी ना. गार होतेय.

काय? आज संध्याकाळचा कार्यक्रम? ते मला विचारू नकोस बाई. हैथमला विचार. तुमच्या कागदावर छापलंय ना त्याने—चालणं, रांधणं, वाळूतलं मटण आणि काय ते, वाळवंटातली पारंपरिक मागणी. मागणी! तुला माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे मुलगी मागायला येतात ना, तेव्हा मुलाकडची वडीलधारी माणसं येतात, बसतात, आपण त्यांना कॉफी देतो. आणि त्यांच्यातला जो मोठा असतो तो कॉफी पीत नाही. कप घेतो आणि समोर खाली ठेवतो. झालं, सगळे गप्प. कप खाली ठेवला म्हणजे माणूस काहीतरी मागायला आलाय, आणि ते मिळाल्याशिवाय तो थेंब तोंडाला लावणार नाही. मग मुलीचा बाप विचारतो, काय हवंय? तो सांगतो. आणि बाप म्हणतो, तुमची कॉफी प्या, जे मागायला आलात ते मिळालं. की शब्द दिला गेला. मग सही नको, शिक्का नको. खुनाच्या भांडणात तडजोड करायला आले तरी हाच कप, लग्नाला आले तरी हाच. दुष्मनाने ठेवला तरी दुर्लक्ष करता येत नाही. असला तो कप, आणि तो हैथमने कार्यक्रमात घातला. दर मंगळवारी.

नवरा कोण? पाहुण्यांपैकी कुणीतरी. माझी मुलगी आतापर्यंत एका जर्मन दाताच्या डॉक्टराला गेली, दोघा फ्रेंच भावांना गेली—एका मंगळवारी एक, पुढच्या मंगळवारी दुसरा असंही नाही, एकाच मंगळवारी दोघांना, कारण दोघांनाही फोटो हवा होता! हैथम वडीलधारा होतो, रुमाल सावरतो, कप ठेवतो, आमचे हे म्हणतात, कॉफी प्या, जे मागितलंत ते मिळालं, की टाळ्या. मग रुवैदा बाहेर येते, कंपनीने दिलेला भरतकामाचा झगा घालून. खऱ्या मागणीत मुलगी बाहेर येतच नाही गं. पण पाहुण्यांना बघायची असते ना! मी म्हटलं होतं, नको हे, कपाशी खेळ नको. आमचे हे म्हणाले, खेळ तो खेळ, दोन घटका लोक हसतात. एवढे देवमाणूस, त्यांना सगळंच चालतं.

आणि मग गेला मंगळवार.

गेल्या मंगळवारी सगळ्या बायकाच आल्या होत्या. पुरुष एकही नाही. आता नवरा कुठून आणायचा? हैथम म्हणाला, सुबहीला बसवू. सुबही म्हणजे गाडीवाला, तुमचं सामान आणि पाणी घेऊन येतो ना, तोच. काल तुला हात धरून गाडीतून उतरवलं त्याने. खाली घोरच्या खोऱ्यातला आहे, टोमॅटोच्या शेतांतला. पोरगा बरा आहे, डोळे वर करून बोलत नाही. बसवला त्याला. त्यात हैथमचा घसा बसलेला, आदल्या दिवसभर तारे सांगून. सुबहीचे काका मटण घेऊन आले होते, अबू शाहेर, पांढरी दाढी, घोरमध्ये त्यांच्या शब्दाला मान आहे. हैथम म्हणाला, काका, तुम्हीच बसा आज, शोभेल. बसले. कप घेतला, खाली ठेवला. पण दरवेळी हैथम काय म्हणतो—आम्ही तुमच्या चंद्रासारख्या मुलीला मागायला आलोय, असं काहीतरी गुळमुळीत. अबू शाहेरांनी सरळ नाव घेतलं. खलफची—म्हणजे आमच्या ह्यांची—मुलगी रुवैदा, आमच्या मरहूम भावाच्या मुलासाठी, सुबहीसाठी. आणि आमचे हे—सवयच झालेली ना जिभेला!—म्हणाले, कॉफी प्या, जे मागायला आलात ते मिळालं. अबू शाहेरांनी कॉफी प्यायली, मिशी पुसली आणि हात वर केले. फातिहा, ठरलेलं पक्कं करायची दुआ. कार्यक्रमात फातिहा नसते गं कधी! पण समोर फातिहा सुरू झाल्यावर कोण हात खाली ठेवील? यांनीही वर केले. आमच्या शेजारच्या दोघा म्हाताऱ्यांनी केले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मटण वाढलं गेलं.

आता सांग मला, हे लग्न ठरलं की नाही ठरलं?

आमचे हे त्या दिवसापासून गोठ्यामागे जाऊन बसतात. ठरलं नाही म्हणावं, तर आपणच कपाचा खेळ केला असं होतं, उद्या कोण यांच्या शब्दावर विश्वास ठेवील? ठरलं म्हणावं, तर भावाला काय तोंड दाखवायचं? माझा दीर आपल्या मुलासाठी रुवैदाला केव्हापासून धरून बसलाय. चुलतभावाचा पहिला हक्क म्हणे. तो मुलगा सैन्यात आहे, झरकाला, मिशीला कंगवा लावतो आणि रुवैदाला विचारतो, पुस्तकं वाचून तुझं डोकं दुखत नाही का? तिथे दिली असती माझी मुलगी, सासूच्या पायाशी, दिराच्या खालच्या घरात. मी जे भोगलं तेच तिने भोगायचं. मी कसं बघत बसू? म्हणून तर अबू शाहेरांना म्हटलं नाव स्वच्छ घ्या, बापाच्या नावासकट घ्या, म्हणजे मग नंतर—

म्हणजे मी नाही. मी कुठे म्हणणार? बायका कशाला…

अशी बघू नकोस माझ्याकडे. हो, मी सांगितलं. निरोप धाडला. मटण तुम्हीच घेऊन या म्हटलं, मंगळवारी, बायकांचा गट आहे, हैथमचा घसाही बसलाय. त्याचा घसा मी नव्हता बसवला हं, ते अल्लाने केलं. यांना सरळ विचारलं असतं तर भावाच्या तोंडाकडे बघून नाही म्हणाले असते. तीस वर्षं ओळखते मी त्यांना. मग काय करायचं होतं मी? सांग ना! तुम्ही शिकलेल्या मुली, तुम्ही तोंडावर बोलता. आम्ही आडून करतो. आम्हाला दुसरी वाट कुठे ठेवलीय कुणी?

आणि सुबही तिला आवडतो. आवडतोच. पाण्याच्या टाकीपाशी मी स्वतः पाहिलंय, तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. रुवैदा उगीच हसत नाही. आई आहे मी, मला कळत नाही? तिच्या डोळ्यांतलं…

पण बोलत नाहीये ती. भाकरी भाजते, शेळ्या बघते, तुमचे पाय बांधते, माझ्याशी मात्र मोजकं, हो आणि नाही. मी म्हटलं, अगं, मी तुझ्यासाठीच केलं, त्या मिशीवाल्यापासून सोडवली तुला. तर काय म्हणाली माहितेय? म्हणाली, आई, दर मंगळवारी मला कुणाला ना कुणाला देऊन टाकतात, मी म्हणायचे जाऊ दे, हे खोटं आहे. आता तू तेही खरं केलंस.

एवढंच. आणि झगा घडी घालून ठेवला. आज घालणार नाही म्हणते. तिकडे हे तंबूत पाऊल टाकायला तयार नाहीत. हैथम म्हणतो, कागदावर छापलंय, पाहुण्यांनी पाहायलाच हवं. आणि अबू शाहेर आज पुन्हा येतायत, मटण घेऊन, तारीख ठरवायला. मी एकटी कुणाकुणाला धरू? मटणाच्या रश्शासाठी सकाळपासून वाळवलेल्या दह्याचे गोळे घासतेय पाण्यात, बघ, हात सोलवटलेत, गोळे तसेच्या तसे. दगड झालेत नुसते. यंदाचं दहीच वाईट.

पी गं, कितीदा सांगू!

रुवैदाने… काय? सकाळी? पट्टी बांधताना तुझ्याशी बोलली? काय बोल— नाही. नको. सांगू नकोस. एक अक्षर सांगू नकोस! माझ्या मुलीच्या मनातलं मी परक्या बाईकडून ऐकू? काल संध्याकाळी आलीस तू. काल! आणि तू तिला विचारलंस. हे असं, पाय लांब करून, सहज विचारलंस—तुला काय हवंय म्हणून. आणि तिने सांगितलं.

मी नाही विचारलं. खरं आहे. मला वाटलं मला माहीत आहे. आणि… नाही म्हणाली तर? म्हणून नाही विचारलं. अबू शाहेरांना काय सांगू मग? मीच बोलावून आणलं आणि मीच परत पाठवू? फातिहा वाचलेल्या माणसाला? आमच्या ह्यांना कळेल कुणी केलं ते सगळं. गावात तोंड… 

अगं, तू कॉफी का पीत नाहीयेस?

कप खाली का ठेवलायस?

मघापासून ठेवलायस. मी आपली म्हणतेय गार होतेय, गार होतेय. कडू आहे म्हणून? साखर आणू? मग… हे बघ पोरी, हे खेळायचं नसतं. आत्ताच सांगितलं ना तुला. आणि हे पुरुषांचं असतं. बायका कप खाली ठेवत नाहीत. माझ्या आईने नाही ठेवला, सासूबाईंनी नाही ठेवला, आणि मी तर—उचल तो. उचल म्हणते ना. माझ्या घरात बसून मलाच…

नाही उचलत.

बरं. माझं घर आहे, माझी कॉफी आहे, तू पाहुणी आहेस. विचारावंच लागेल मला. काय हवंय तुला?

…

तिला विचारू? मी? आत्ता, बाकीचे चढून यायच्या आत?

आणि ती जे म्हणेल ते? सुबही नको म्हणाली तर मी जाऊन अबू शाहेरांना… मीच. आडून नाही. समोर.

फार मागितलंस तू. एवढ्याशा कपाला फार मागितलंस. तुझ्या आजीने शिकवलं की काय तुला हे, इर्बिदच्या?

पी. पी तुझी कॉफी. जे मागायला आलीस ते मिळालं.

आणि आता ऊठ. बाहेर सावलीत बस जा, ती काठी घे, पाय टेकवू नकोस. कप राहू दे इथेच. बाहेर जाऊन हैथम दिसला तर सांग, खाला कामात आहे. जा ना गं, बघत काय उभी राहिलीस, हे तुझं काम नव्हे, झालं तुझं काम. पडदा ओढून घे.

रुवैदा! ए रुवैदा, ती भाकरी राहू दे, जळू दे. इकडे ये. नाही, काही आणायचं नाहीये. बस. इथे बस, माझ्यासमोर. मला तुला एक विचार—