दाबून पाहायचं राहिलं

रतनबाई : सत्तावन्नच्या वैशाखात इंदीचं लगीन लागलं. मांडवाचं खांब अजून अंगणात पडल्यात. तेवढ्यात हे एवढं घडलं. आता आणिक काय घडवायचंय तुमाला? बसा आधी.

मालोजी : बसवत न्हाई.

रतनबाई : कामावर गेला न्हाई, भाकर खाल्ली न्हाई. दारापातूर जाताय आन् माघारी येताय. उंबरा झिजंल.

मालोजी : इंदी कुठाय?

रतनबाई : आत पडलीया. सासऱ्याचं तेरावं उरकून कालच आलीय पोर. हळू बोला.

मालोजी : हळूच सांगतो. सयाजीराव व्याह्यांनी लॉरीखाली टेकू तिरका लावलाच नव्हता.

रतनबाई : कारखान्याचा मालक तर म्हनतो तिरका लावला, म्हनून लॉरी अंगावर आली.

मालोजी : मालकाला ठावं न्हाई. मला कालपासनं ठावं हाय.

रतनबाई : काय ठावं हाय?

मालोजी : ते मोडक्या इमानाच्या भंगारातले हलके दांडे आनलेत ना, मॅग्नेशियमचे? लोखंडाच्या चौथाई वजनाचे. त्याचे टेकू करायचे ठरले, तवा तपासायचं काम माझ्याकडं. मी क्रेनच्या साखळीत मधी एक दांडा अडकवला आन् खाली मोठा ठोकळा उचलला. दांडा तसूभर हलला न्हाई. समद्या टेकूंवर खडूनं खूण केली, चालंल म्हनून.

रतनबाई : मग चाललं की.

मालोजी : अगं, साखळीत दांडा ओढला जातो. लॉरीखाली दाबला जातो. काल त्याच दांड्याचा बोटभर तुकडा कापला. वाकायला जागाच नको म्हनून बोटभर. प्रेसमधी उभा धरून दाबला. ओढताना जेवढं पेललं त्याच्या निम्म्यातच बसला खाली.

रतनबाई : असं कुटं असतंय? धातू तो धातू.

मालोजी : लोखंडाचं तसंच असतं. ओढा का दाबा, सारखंच. चाळीस वर्सं लोखंडात गेली, दुसरं मनातच आलं न्हाई. हा दांडा गरम करून सोऱ्यातनं कुरडई काढावी तसा रेटून काढलेला. त्याची एक दिशा ठरलेली. त्या दिशेनं ओढला तर धरतो, दाबला तर खचतो.

रतनबाई : मग एकदा दाबून बघायचं होतंत! चाळीस वर्सं काय नुसता घन मारलात?

मालोजी : बोल. आनखी बोल.

रतनबाई : न्हाई वो... जीभ सटकली. पर आता बोलून सयाजीराव उठून येनार हायेत का?

मालोजी : तसलेच दहा टेकू उद्या चाकणला जायचेत. त्यांच्यावर माझीच खूण हाय. सरकारी तपासनीस आज दुपारी येतोय, जबाब घ्यायला.

रतनबाई : मालकाला गुपचूप सांगा. टेकू मोडून टाकू द्या.

मालोजी : सकाळीच त्याच्या घरी जाऊन सांगून आलो. हसला. म्हनला, मालोजी, व्याह्यासाठी गोष्टी रचू नका.

रतनबाई : आन् तुमी जबाब दिलात तर इंदीनं त्या घरात कंच्या तोंडानं जायचं? सासू छबूबाई ताट वाढताना रोज म्हनतील, तुझ्या बापानं माझं कुंकू पुसलं. दोन महिन्यांची नवरी हाय ती!

(इंदू आतून येऊन दारात उभी राहते.)

इंदू : आई, मी जागीच आहे.

रतनबाई : आत जा गं तू.

इंदू : बाबा, मामंजींनी टेकू सरळ लावला होता?

मालोजी : ओळंब्यात होता, पोरी. जमिनीवर चारी बाजूंनी सारखा ठसा बघितला मी.

इंदू : तिकडं आमचे हे, वडिलांचं नाव काढलं की ताटावरून उठतात. म्हणतात, साऱ्या कारखान्याला शिकवणारा माणूस अशी पोरासारखी चूक करून गेला.

रतनबाई : खरं कळल्यावर ठेवून घेतील का तुला?

इंदू : माहीत नाही, आई.

रतनबाई : ऐका! तिला माहीत न्हाई!

इंदू : पण चाकणला टेकूखाली कोण शिरणार आहे तेही आपल्याला माहीत नाही. बाबा, मी लिहून देऊ जबाब?

मालोजी : नको. तू त्या घरची. तुझं अक्षर तिथं दिसायला नको. कागद दे फक्त. तू शिकवलंस तेवढं येतं मला. जोडाक्षर अडलं तर सांग.

रतनबाई : आवं, निदान दोन घास खाऊन तरी लिहा.

मालोजी : आधी लिहितो. थांबलो तर मन फिरंल. इंदे, आधी काय लिहू? माझी चूक?

इंदू : आधी मामंजींचं लिहा.

मालोजी : थांब, बोलत बोलत लिहितो. ‘सयाजी चिमाजी गवारे, राहणार मोशी... यांचा टेकू सरळ होता. तो मी तपासला होता आणि तो दबला. त्याखाली ते... मंगळवार, तारीख अठरा जून एकोणीसशे सत्तावन्न, सकाळी साडेदहा वाजता मेले.’