मंगळवारची सतरंजी

माझं जन्माचं नाव सेवंती, मार्था हे नंतरचं, बाप्तिस्म्याचं. आमचं गाव अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, पार डोंगरात, बस खाली फाट्यावर सोडायची आणि पुढं आपले पाय. घरी आम्ही भिली बोलायचो, ही मराठी मी नंतर उचलली, थोडी शेतातल्या बायांची, थोडी चर्चमधली, थोडी माझ्या माणसाची, म्हणून ती अशी ठिगळाठिगळाची आहे, तुम्ही लिहिताना नीट करून घ्या ताई, नाहीतर राहू द्या तशीच, मी तरी कुठं नीट आहे.

आमच्या घरात येशू कसा आला ते आधी सांगते. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई अडली होती, तेव्हा खालच्या मिशनच्या दवाखान्यातली एक नर्सबाई डोंगर चढून आली आणि दोन दिवस आईच्या उशाशी बसून राहिली. बाप माझा पुढं कायम सांगायचा, औषध काय कोणीही देईल, पण ती बसून राहिली. तेवढ्यावरच गेला माझा बाप येशूकडं, शास्त्रातलं त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं. आणि मी पण, खरं सांगू का, फार काही समजून ख्रिस्ती झालेली नाही, कोणी आपल्याजवळ बसतं ते मला आवडायचं, एवढंच.

लग्न होऊन मी इथं खाली आले, शहाद्याच्या पुढं, तापीकडच्या या गावात. जमिनी सगळ्या गुजर लोकांच्या, केळी, ऊस, कापूस, आणि आम्ही त्यांच्या शेतात जाणारे. माझा याकोब केळीच्या बागेत घड वाहायचा. खांद्यावर गादी, गादीवर घड, बागेतून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत, दिवसभर तेच. केळीचा चीक लागला की कापड गेलं समजा, तो डाग काही केल्या निघत नाही, साबण घासा नाहीतर दगडावर आपटा, लग्नाचा पांढरा शर्टसुद्धा वर्षात काळा पडला त्याचा. मी चिडायची, तो म्हणायचा, मार्था, चीक काही पाप आहे का, निघाला नाही तर राहू दे.

सतरंजीचं आता सांगते, तुम्ही बसला आहात ना, ही तीच.

आमची मंडळी म्हणजे अकरा घरं. रविवारी चर्च असतं, पण बुधवारी संध्याकाळी घरप्रार्थना, एकेका बुधवारी एकेकाच्या घरी. सगळ्यांना बसायला ही एक मोठी सतरंजी आहे मंडळीची, लाल-निळ्या पट्ट्यांची, एवढी जड की ओली झाली तर गड्याला उचलत नाही. ज्या घरी प्रार्थना झाली तिथं ती राहते, आणि मंगळवारी पुढच्या घरी जाते. आमची पाळी असली की याकोब मंगळवारी कामावरून येताना ती खांद्यावर टाकूनच यायचा, घडासारखी, आणि दारातूनच ओरडायचा, मार्था, पाहुणे आले. पाहुणे म्हणजे सतरंजी. मग मी सारवायची, शेंगा उकडायची, काळा चहा ठेवायची. एकदा थंडीत आमच्याच घरी प्रार्थना चालू असताना शेगडीतला निखारा उडाला आणि हे टोक जळलं, बघा इथं. सगळे डोळे मिटून बसलेले, वास कोणाला आला नाही, मलाच आला, पण प्रार्थनेत कसं बोलायचं म्हणून मी गप्प, आणि मग हे एवढं भोक. दुसऱ्या दिवशी याकोबनं दाभण घेऊन आपल्या शर्टाचं ठिगळ लावलं, पोतं शिवल्यासारखं. हा काळा डाग केळीचा आहे, जळल्याचा नाही.

तर याकोब गेला. दुपारची वेळ, बागेतच, घड खांद्यावर असताना छातीत कळ आली आणि तो खाली बसला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणला घरी. मी कापूस वेचत होते, मला बोलवायला आले तेव्हा माझी ओटी कापसानं भरलेली होती, ती तशीच घेऊन मी पळत आले, आणि काय सांगू तुम्हाला, त्याच्याजवळ बसले तरी मी ती ओटी सोडली नव्हती. लोकांनी सोडवली.

आमच्यात बांगड्या फोडत नाहीत. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, बाई, हातात राहू द्या. पण मीच काढल्या, वाजायच्या ना, घरात दुसरा आवाजच नव्हता, आपल्याच बांगड्या ऐकत किती बसायचं.

पहिल्या दिवसांत माणसं होती. मग कापसाचा हंगाम होता, ज्याचं त्याला काम. माझी एकच मुलगी एस्तेर, ती सुरतला, नवरा साडीच्या कारखान्यात, एक खोली, दोन पोरं. ती आठ दिवस राहिली आणि गेली. मग मी वाट बघायला लागले. कशाची, तर बुधवारची. मला वाटलं, अकरा घरं आहेत, अकरा आठवड्यांनी माझी पाळी येईल, सतरंजी येईल, माणसं येतील. अकरा आठवडे मोजले. मंगळवारी मी सारवलं, शेंगा भिजवल्या, दारात बसले. सतरंजी माझ्या दारावरून गेली, पुढच्या घरी. मला वाटलं, चुकलं असेल, दुःखातलं घर आहे म्हणून सोडलं असेल. पुढच्या खेपेला येईल. पुढच्या खेपेलाही गेली दारावरून. भिजवलेल्या शेंगा मी एकटीनं तीन दिवस खाल्ल्या.

दोन वर्षं ताई. दुसऱ्यांच्या घरी मी जायची प्रार्थनेला, जात नव्हते असं नाही, पण मागं दाराजवळ बसायची आणि आमेन झालं की चप्पल घालायची. मनात एकच, की आता मला यातून वगळलं. मी ज्यांच्या केळीत जाते त्या मालकीणबाई एकदा म्हणाल्या, तुमच्या ख्रिस्ती लोकांत तर विधवेला अशुभ मानत नाहीत ना हो. मी म्हटलं नाही मानत. आणि घरी येऊन रडले, कारण मला वाटत होतं, मानतात की काय, फक्त बोलत नाहीत.

हन्नाबाई आमच्या मंडळीतली मोठी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी थोरली, बोलायला तिखट, तोंडात कायम अहिराणी. कोणाचा बुधवार कोणता हे तिच्या डोक्यात असतं. तिच्यावर माझा फार राग. चर्चमध्ये ती शेजारी येऊन बसली की मी सरकायची.

इकडं एस्तेरचा फोन दर रविवारी. आई, घर बंद कर, इकडं ये. मी म्हणायची बघू. एकदा ती चिडली, म्हणाली, आई, तिथं तुझं आहे तरी कोण? मी फोन हातात धरून उभी. खरंच विचार केला मी, कोण आहे. कबर आहे याकोबची, पण कबर काही दार वाजवत नाही. मी म्हटलं, ये बाई, येत्या रविवारी ये, जाऊ आपण.

बांधाबांध केली. भांडी पोत्यात, कपडे ट्रंकेत, कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या. मंगळवार होता तो. दुपारी पाण्याला निघाले तर हन्नाबाईच्या अंगणात तारेवर ही सतरंजी वाळत घातलेली. गल्लीत कोणी नाही, सगळे वेचणीला. मी सहज हात लावला, आणि हातात आलं काय, तर हेच टोक. हे दाभणाचे टाके, हा चिकाचा डाग. मग मला काय झालं मला माहीत नाही. हंडा तिथंच ठेवला आणि सतरंजी ओढली तारेवरून. अर्धी ओली होती, अंगावरच आली माझ्या. डोक्यावर घेतली, एक टोक मागं धुळीत फरफटतंय, आणि मी निघाले चोरासारखी. चोरच होते ना. जायच्या आधी एकदा माझ्या घरात अंथरायची, मग काय म्हणायचं ते म्हणा, असं ठरवून.

आणि हापशावर कोण, हन्नाबाई. काय व मार्था, कोठे लई चालनी?

मी म्हटलं, चोरून नेतेय.

तिनं बादली खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडेल, गल्ली गोळा करेल. तर तिच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाली, दोन वरीस लागनात व माय तुले!

मला कळेना. मग तिनं सांगितलं ते ऐका. ही सतरंजी कोणी कोणाच्या घरी पोचवत नाही. पाळी आली की ज्याचं घर त्यानं स्वतः यायचं, मागच्या घरून उचलून न्यायची, मी बोलवतोय या, असा त्याचा अर्थ. लादायची नाही कोणावर, कोणाच्या घरात आजार असतो, कोणाच्या भांडण. हा नियम पहिल्यापासूनचा, सगळ्या गल्लीला माहीत, एक मला सोडून. कारण इतकी वर्षं माझ्या घरी ती आपोआप यायची, याकोबच्या खांद्यावरून. मला वाटायचं हन्नाबाई त्याच्याजवळ पाठवते. तो जाऊन मागून आणायचा हे मला त्यानं कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. पाहुणे आले म्हणायचा नुसता.

म्हणजे मी दोन वर्षं दारात बसून वाट बघत होते की कोणीतरी आणेल, आणि ती सगळी माझी वाट बघत होती की मी येईन.

मी हन्नाबाईला म्हटलं, अगं पण एका शब्दानं विचारायचं होतंस. ती म्हणाली, तूच तं सांगेल व्हतं, मन्हा घर आते कोनी येवानं नही. आणि ताई, ते खरं होतं. मातीच्या दिवशी, सगळे परतल्यावर तिनं विचारलं होतं, बुधवारी तुझ्याकडं बसायचं का, आणि मी देवावर अशी रागावलेली, म्हणाले, माझ्या घरी आता कोणी यायचं नाही. मी विसरूनही गेले ते, तिनं दोन वर्षं पाळलं. हन्नाबाई म्हणाली, माले भेव वाटे, तू परत नही म्हनशी तं? एवढी तिखट बाई, आणि मला घाबरत होती.

मग तिनं सतरंजीचं मागचं टोक धरलं, आम्ही दोघींनी मिळून घरी आणली. बांधलेली पोती पाहिली तिनं दारात. एक पोतं सोडून त्यातलं चहाचं पातेलं तेवढं काढून चुलीजवळ ठेवलं.

बुधवारी अकराही घरची माणसं आली. कोणी मांडीला मांडी लावून, कोणी उंबऱ्यावर. गाणं धरायच्या वेळेला मात्र सगळे गप्प, कारण गाणं कायम याकोब धरायचा. कोणी कोणाकडं बघेना. शेवटी हन्नाबाईनं धरलं, ते इतक्या उंच सुरात की दुसऱ्या ओळीला कोणाचाच गळा पोचेना, एक एक करून सगळे गळाले, ती एकटीच वर राहिली, आणि मग आधी मी हसले. दोन वर्षांनी माझ्या घरात कोणी हसलं तर ती मीच.

रविवारी एस्तेर आली. आई, चल, सामान कुठाय? मी म्हटलं, सतरंजी माझ्याकडं आहे मंगळवारपर्यंत, मंडळीची वस्तू आत ठेवून कुलूप कसं लावू? ती म्हणाली, आई, एका सतरंजीसाठी? मी म्हटलं, हो. जेवली, झोपली, सकाळच्या गाडीनं गेली. अजून फोन करते, पण कोण आहे तिथं असं परत विचारलं नाही तिनं.

आता तुम्हाला वाटेल, चला, बाईचं सगळं चांगलं झालं. तसं नाही हो. बुधवारचा एक तास भरतो, बाकीचे तास तेवढेच लांब आहेत. भाकरी एकच थापायची तर पीठ किती घ्यायचं हे अजून हाताला कळत नाही, दोन होतात, एक शिळी खाते. पाळी येते अकरा आठवड्यांनी. ती आली की आठवडाभर सतरंजी असते माझ्याकडं, मी ती गुंडाळत नाही. अशीच अंथरलेली ठेवते, एका कडेला बसून जेवते, ठिगळाच्या टोकावर पाय देत नाही. देवाशी बोलते, याकोबशी बोलते, कधी कधी कोणाशी बोलतेय तेही कळत नाही. देव समजून घेत असेल.

आज मंगळवार. पुढची पाळी दाऊदची. गल्लीच्या शेवटी राहतो, त्याची बायको याच दिवाळीच्या आसपास गेली, घरात तो एकटा आणि एक म्हैस. नियमानं त्यानं यायला पाहिजे न्यायला. सकाळपासून दाराकडं बघतेय, तुमच्याशी बोलताना पण बघत होते, तुमच्या लक्षात आलं असेल. तो येणार नाही. मला माहीत आहे, तो दारात बसला असेल. त्याच्या घरची सतरंजी पण त्याची बायकोच आणायची.

तर आज मी नियम मोडणार आहे. हन्नाबाई बोलेल, बोलू दे. नको म्हणाला तर परत आणीन, काय होतंय.

तुमचं भलं होवो ताई, दुपारभर बसलात माझ्याजवळ. आता उठा जरा, आणि ते पलीकडचं टोक धरा. ही घडी एका माणसाची नाही, एरवी मी एक टोक खाटेच्या पायाखाली अडकवते आणि दुसरं ओढते. हां, असं. ताणून धरा.