सतरा नंबर

ब्रॅनिगन : हाड बाहेर आलंय वेसचं! गुडघ्याखाली पाय लोंबतोय! आणि तू काय करत होतास रे, लामार?

लामार : कॉलर सोडा, कोच.

ब्रॅनिगन : नाही सोडत! डावी बाजू तुझी. तीनशे पौंडांचा तो रेडा तुझ्या अंगावरून गेला आणि चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकला, वेसला, चिरडलं त्यानं. अडवायचं कुणी? माझ्या बापानं?

लामार : सोडा म्हणतोय. दात घशात घालीन.

ब्रॅनिगन : घाल! ही मस्ती मैदानात कुठे गेली होती? चाल अगदी बरोबर दिली होती मी. माती खाल्लीस ती तू. हेल्मेट ठेव आणि चालता हो! कॉलेजची शिष्यवृत्ती विसर. जा बापासारखा खाणीत.

लामार : कोणती चाल दिलीत?

ब्रॅनिगन : यादीतली सतरा नंबर! आखूड पास. चेंडू धरला की फेकला. अडवायला जादा माणूस नको, म्हणून तर रिगनला बाहेर काढून पळणारा गडी आत पाठवला.

लामार : (स्वतःच्या मनगटावरची चालींची यादी ब्रॅनिगनच्या नाकाला भिडवत) वाचा. मोठ्यानं!

ब्रॅनिगन : सतरा... लांब पास. डावीकडच्यानं समोरचा कडेचा गडी मोकळा सोडायचा. त्याला... रिगन अडवेल.

लामार : रिगन कुठे होता? तुमच्या शेजारी बाकावर, पाणी पीत! बुधवारी याद्या तुम्हीच बदलल्यात ना? मग तुमच्या हातात अजून मागच्या सामन्याचा कागद कसा?

ब्रॅनिगन : अरे, पण... रिगन नाही हे दिसलं नाही तुम्हाला? डोळे फुटले होते?

लामार : दिसलं! मी वेसला म्हटलंसुद्धा, बदल ही चाल, मरशील. तो म्हणाला, नको. गेल्या महिन्यात आपल्यातल्या डोननं स्वतःच्या मनानं चाल बदलली, तर कोचनी त्याला रक्ताची उलटी होईस्तोवर पळवलं. लिहिलंय तसंच करू.

ब्रॅनिगन : असं म्हणाला?

लामार : मग आम्ही अकराच्या अकरा जणांनी लिहिलंय तसंच केलं. एकाचंही पाऊल चुकलं नाही.

ब्रॅनिगन : ...वेसची आई या खोलीच्या दाराबाहेर उभी आहे, लामार. काय सांगू रे तिला?

लामार : सांगा, त्यानं तुमचं ऐकलं.