कागदांचे पाद्रिनो

इत्सेल : सूट राखाडी घ्या नाही तर पोपटी घ्या, मामा. मला सूटचं काही पडलेलं नाही. मला तुमची सही हवीय.

कुको मामा : पोपटी कोण घालतं? तुझ्या लग्नात पहिल्या रांगेत उभं राहायचंय मला. केकचा खर्च उचलणारा पाद्रिनो कोण, तर तुझा बेकरीवाला मालक. बँडचा पाद्रिनो कोण, तुझ्या मैत्रिणीचा बाप. अंगठ्यांचे आणखी कोणी भुरटे. हे लोक एकदाचा खर्च करतात, वाढपी वाढेल तेवढं जेवतात आणि घरी जातात. मी कोण आहे? कागदांचा पाद्रिनो. शिकागोत एवढी मेक्सिकन लग्नं लागली, असा पाद्रिनो आजवर झालेला नाही.

इत्सेल : होणार कसा? असलं काही लग्नपत्रिकेवर छापायचं कोणाच्या डोक्यात येईल? केक, बँड, अंगठ्या, आणि त्यांच्याखाली सोनेरी अक्षरांत ‘कागदांचे पाद्रिनो : सेन्योर रेफुखिओ’. मला न विचारता छापखान्यात जाऊन स्वतःचं पाळण्यातलं नाव घुसडून आलात. आज चर्चमधल्या म्हाताऱ्या मला विचारत होत्या, हे कागद म्हणजे मांडवात लावायच्या पताका का गं?

कुको मामा : अडाणी बायका. मी समजावलं त्यांना. म्हटलं, आमच्या पोरीनं नवरा असा शोधलाय की सरकारसुद्धा विचारतंय, बाई, ह्याला पोसणार कोण? तर मी पोसणार.

इत्सेल : त्याला कोणी पोसायचं नाहीये. लेओबार्दो इथं बागकामाच्या व्हिसावर आला, राजरोस, पुढच्या दारानं. माझ्याशी कोर्टात लग्न केलं, चर्चमधलं आता होईल. आता कायमच्या राहण्याचा अर्ज केलाय आणि कामाचा परवाना येईपर्यंत हात बांधून बसलाय. राहिला माझा पगार. मी सकाळी बेकरीत पाव विकते आणि दुपारी कॉलेजात जाते. सरकारनं एक रेघ मारून ठेवलीय, तिच्या जरासा खाली पडतो तो पगार. म्हणून घरातल्या एका कमावत्यानं लिहून द्यायचं, की वेळ आलीच तर मी बघेन. एवढंच. वेळ यायची पण नाही.

कुको मामा : ‘एवढंच’ म्हणे. बघ, ह्या खिडकीतून बघ त्याच्याकडे. एक चाक उतरवायला त्याला जेवढा वेळ लागतोय तेवढ्यात मी अख्खा ट्रक उभा करायचो. अशा माणसाखाली सही करायची म्हणजे पंक्चर टायरवर हमी देण्यासारखं आहे.

इत्सेल : बाहेर बर्फ पडतंय, मामा. त्याची बोटं वळत नाहीयेत. तुम्ही हीटरला पाठ लावून बसलाय, म्हणून तुमची जीभ वळतेय.

कुको मामा : तोंड सांभाळ. मामाशी बोलतेयस.

इत्सेल : मामाशी बोलतेय म्हणून तर इथंच थांबलेय. गेले कितीतरी रविवार तो तुमच्या गॅरेजात राबतोय. तुम्ही म्हणालात, आधी माणूस पारखतो, मग सही करतो. झाला ना पारखून?

कुको मामा : पगार देत नाही म्हणून बोचतंय होय तुला? अगं, परवाना नसताना पगार दिला तर तो गुन्हा. मी कायद्यानं चालणारा माणूस आहे.

इत्सेल : बरं झालं सांगितलंत. तसं वाटत नाही बघून.

कुको मामा : हेच. ह्याच जिभेमुळे तुला असला नवरा मिळाला. चांगली स्थळं काय कमी होती? तो छतं घालणारा मुलगा होता, स्वतःची गाडी, स्वतःच्या शिड्या. पण नाही. बाईसाहेबांना प्रेम झालं. कोणावर, तर ज्याच्याकडे स्वतःचे हातमोजेसुद्धा नाहीत त्याच्यावर.

इत्सेल : हातमोजे होते. तुमच्या ग्रीसमध्ये गेले. मामा, ऐका आता, मी शेवटचं सांगते. महिनाअखेर मुदत आहे. तोवर हमी गेली नाही तर अर्ज फेटाळतील आणि लेओबार्दोला मेक्सिकोत पुएब्लाला परत जावं लागेल. मग चर्चमध्ये वेदीसमोर कोण उभं राहील? मी, पाद्रीबाबा आणि तुमचा राखाडी सूट. हा फॉर्म, हे पेन. आणि सोबत तुमच्या टॅक्सच्या कागदांची प्रत.

कुको मामा : प्रत कशाला? सही म्हणजे सही. ह्या रस्त्यावर माझा शब्द चालतो.

इत्सेल : ते ऑफिस ह्या रस्त्यावर नाहीये.

कुको मामा : तुला आकडे बघायचेत माझे. मामाची इस्टेट किती ते बघायचंय. आज प्रत मागतेयस, उद्या किल्ल्या मागशील.

इत्सेल : मी बघणारसुद्धा नाही. पाकिटात घालून डकवून द्या.

कुको मामा : बघू. पुढच्या रविवारी. अजून तो ट्रकवाला यायचाय, त्याची सगळी चाकं बदलायचीत. तेवढं त्या पोराला करू दे, मग बघू.

(ओदिलिया मावशी, मामाची थोरली बहीण, दार ढकलून आत येते. एका हातात वाफवलेल्या मक्याच्या टमाल्यांचं भांडं, दुसऱ्यात लग्नपत्रिका. बुटांवरचं बर्फ झटकते.)

ओदिलिया मावशी : दार लावून घे, इत्सेल. कुको, हे काय छापलंयस?

कुको मामा : आली. ताई, धंद्याचं बोलणं चाललंय. टमाले ठेव आणि जा.

ओदिलिया मावशी : चर्चमध्ये मिसा संपल्यावर ही माझ्या हातात आली. मी दोनदा वाचली. मला वाटलं माझे डोळे गेले. कागदांचा पाद्रिनो, तू?

कुको मामा : मी नाही तर कोण? तू? इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी उकळणारी?

ओदिलिया मावशी : तू ह्या पोरीला सांगितलंस का?

इत्सेल : काय सांगायचंय?

कुको मामा : काही नाही. ताईचं वय झालंय.

ओदिलिया मावशी : दर एप्रिलात टॅक्स भरून जेवायला बसलं की हा काय बोलतो, इत्सेल? तू पण असतेस की टेबलावर.

इत्सेल : काय बोलतात, तेच नेहमीचं. ह्याही वर्षी सरकारला भिकाऱ्याचं सोंग करून दाखवलं, एवढीशी कमाई लिहिली, आणि सरकारचेच डोळे भरून आले... थांबा.

ओदिलिया मावशी : थांबलेय.

इत्सेल : मामा. कागदावर तुमची कमाई किती आहे?

कुको मामा : रोखीचा धंदा आहे. सगळे तसंच करतात. पाच टायरचे पैसे आले तर दोन लिहायचे, ही रीतच आहे. ह्या रस्त्यावरच्या तिन्ही गॅरेजवाल्यांना विचार.

इत्सेल : मी रीत नाही विचारली. कागदावर तुम्ही माझ्यापेक्षा गरीब आहात का?

कुको मामा : कागदाला काय कळतं? माझा ट्रक बघ. माझे दात बघ, दोन सोन्याचे आहेत.

इत्सेल : म्हणजे हो.

ओदिलिया मावशी : तिच्यापेक्षा गरीब. सरकारी रेघेवर तुला उभं केलं तर तुलाच कोणीतरी पाद्रिनो लागेल, कुको.

इत्सेल : तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं तुम्हाला.

कुको मामा : टॅक्सवाली बाई म्हणाली, कठीण आहे. अशक्य आहे असं काही ती म्हणाली नाही. मी म्हटलं, मार्ग निघेल.

ओदिलिया मावशी : निघाला की मार्ग. तो बघ, बर्फात वाकलाय.

इत्सेल : बडा घर पोकळ वासा. आणि मी ह्या वाशाला टेकून उभी होते. रोज रात्री लेओबार्दोला सांगायची, मामा तोंडाचा फाटका आहे पण मनानं मोठा आहे, सहन कर. तो सहन करत होता. तुम्ही त्याला चर्चसमोर भिकारी म्हणालात, त्यानं ऐकून घेतलं. आणि भिकाऱ्याचा दाखला तुमच्या कपाटात, तुमच्याच नावाचा. मी आत्ता जाते आणि त्या म्हाताऱ्यांना सांगते, कागदांचे पाद्रिनो म्हणजे खरंच पताका.

कुको मामा : असं काही करायचं नाही. माझं नाव आहे इथं.

इत्सेल : नावच आहे. बाकी काही नाही.

ओदिलिया मावशी : झालं तुझं बोलून? आता बस. तुझ्याबद्दल बोलू.

इत्सेल : माझ्याबद्दल? मी काय केलं?

ओदिलिया मावशी : तू ह्याच्या दारात आलीस, कारण ह्याचा ट्रक मोठा आहे. माझा जिना चढलीस का एकदा तरी? मी तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते.

इत्सेल : मावशी, मला वाटलं, तुमचं कसं... म्हणजे तुम्ही एकट्या, आणि ते काम...

ओदिलिया मावशी : म्हण की. चादरी धुते. माझ्या मिळकतीत धुण्याच्या वासाशिवाय काय असणार, असं वाटलं तुला. आपल्या मामाच्या दातांवर भाळलीस. मला चेकनं पगार मिळतो, पोरी. सरकार दर वेळी आपला वाटा कापून घेतं, आणि उरलेला सगळा जसाच्या तसा लिहिलेला असतो. मी कधी काही लपवलं नाही, कारण लपवायचं मला कधी सुचलंच नाही. त्या रेघेच्या वर आहे मी. बऱ्यापैकी वर.

कुको मामा : ताई, उगाच भरीला पडू नकोस. उद्या ही पोरगी त्याला घराबाहेर काढेल, तरी तुझी हमी सुटणार नाही. मी विचारून आलोय.

ओदिलिया मावशी : मला ठाऊक आहे. मीही मागेच विचारून ठेवलंय. आणि इत्सेल, मला तुझा नवरा फार आवडतो असं समजू नकोस. सारखा मान खाली घालतो. माणसानं रविवारमागून रविवार फुकट कामाला जायचं आणि एकदाही विचारायचं नाही, का? मला असली नम्रता सोसत नाही.

इत्सेल : माझ्यासाठी विचारलं नाही त्यानं.

ओदिलिया मावशी : मग तू त्याला विचारायला शिकव. सही झाल्यावर.

इत्सेल : मावशी, पत्रिका पुन्हा छापून घेते मी. तुमचं नाव घालून. मोठ्या अक्षरात.

ओदिलिया मावशी : काही नको. मला त्या बँडवाल्याच्या खाली टांगू नकोस. ह्याचं राहू दे.

कुको मामा : म्हणजे मी उभा राहू? पहिल्या रांगेत? लोकांनी विचारलं तर?

ओदिलिया मावशी : सांग, मीच कागद दिले. सरकार काही आपल्या मिसाला येत नाही. पण आज त्या पोराला आत बोलाव, आणि उरलेली चाकं तू स्वतः बदल. सूट घालून नको जाऊस, खराब होईल.

कुको मामा : ह्या गारठ्यात? माझी कंबर...

इत्सेल : हातमोजे घाला, मामा. असतील तर.

ओदिलिया मावशी : जा, कुको. हं, दे तो फॉर्म. कुठे लिहायचं? चष्मा चर्चमध्येच राहिलाय, तूच भर, मी खाली सही करते.

इत्सेल : नाव ओदिलिया. आडनाव तेच, आईचं. आणि... मावशी, तुमची जन्मतारीख?

ओदिलिया मावशी : ठाऊक नाही तुला?

इत्सेल : नाही.

ओदिलिया मावशी : मामाच्या वाढदिवसाला दर वर्षी नाचतेस. असू दे. लिही.