होडीतलं पाणी उपसायला किती हात लागतात

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा, पेंगणाऱ्या पोरांना मांडीवर घ्या. आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दुसऱ्याला देणं अवघड, की दुसऱ्याकडून घेणं अवघड?

मागून कोण म्हणालं, देणं? खिशातून जातं ना बुवा! बरं, असू दे. आणि हे पुढचे काका हसताहेत. काका, हसू नका, हे आख्यान तुमच्यासारख्या भल्या माणसाचंच आहे!

तर असा एक भला माणूस — अच्युत कुबल. खाडीकाठी राहणारा, धंद्यानं प्लंबर. कुणाचा नळ गळो, कुणाची मोटार पाणी न ओढो, अच्युत हजर! आणि घेणं? छे! चहाचा कप पुढे केला तर म्हणायचा, "आत्ताच घेतलंय." घेतलेला नसायचा, मंडळी. पण कुणाचं काही अंगावर राहू नये, हा त्याचा बाणा.

इथवर सगळं छान. लोक म्हणायचे, देवमाणूस! पण त्याची बायको वारली, तेव्हा काय झालं ऐका. तुम्हाला रीत ठाऊक आहे. ज्या घरातून माणूस जातं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारपाजार, सोयरेधायरे जेवण आणून घालतात. अच्युताची धाकटी बहीण शेवंती, गडग्यापलीकडेच, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपलीकडे राहते. ती पिठलं-भात घेऊन आली. डोळे पुसत पायरीवर उभी. आणि आमचा अच्युत काय म्हणाला? "नको गो. माझा मी रांधलंय." त्यानं चूल पेटवली होती, मंडळी! स्वतःची बायको गेली त्याच दिवशी! का? तर कुणाला त्रास नको. शेवंती भरलं पातेलं घेऊन परत गेली. त्यानंतर तिनं ती पायरी चढली नाही. वाईट वाटायला आणखी काय बाकी राहिलं होतं, तुम्हीच सांगा.

आता खाडीच्या मधोमध एक बेट आहे. बेटावर सातेरी देवीचं वारूळ, ते वारूळच देवी म्हणून पुजतात. तिथे रोज दिवा लावायचा नेम अच्युताच्या बायकोचा. ती गेल्यावर तो नेम यानं उचलला. जायचं कशानं? पर्यटकांना फिरवणाऱ्या कुणीतरी एक चिरलेली कयाक टाकून दिली होती. कयाक म्हणजे ती प्लास्टिकची अरुंद होडी हो, एका माणसाची. आत पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. अच्युतानं चीर सांधली. तरी पाणी झिरपायचंच. मग प्लंबरच तो! पंप बनवला.

काय पंप होता! हातभर लांब प्लास्टिकचा पाईप. आत दांडा, दांड्याला दट्ट्या, दट्ट्याला जुन्या चपलेच्या रबराचा वायसर. तळाशी सायकलच्या ट्यूबची झडप. दांडा वर ओढला की पाणी पाईपात चढतं. खाली दाबला की झडप मिटते, पाण्याला परतीची वाट बंद, ते वायसराच्या कडेनं दट्ट्याच्या वर येतं. पुन्हा ओढला की वरच्या तोंडातून भळ्ळकन बाहेर! अंगणात पिंप भरून, स्टुलावर बसून त्यानं पंप चालवून पाहिला. बघता बघता पिंप रिकामं. तो स्वतःशीच म्हणाला, आता खाडीतसुद्धा आपल्याला कुणाची गरज नाही.

मंडळी, चूक इथेच झाली. पंपात खोट नव्हती. पण अंगणात पाय जमिनीवर होते ना!

एका सकाळी ओहोटीला तो निघाला. मध्यावर कयाक खडकाला घासली आणि सांधलेली चीर उकलली. पाणी आत. अच्युत घाबरला नाही. वल्हं मांडीवर ठेवलं, पंप काढला. एका हातात पाईप, दुसऱ्या हातात दांडा. पाणी भराभर बाहेर पडू लागलं. वर मान करून बघतो तर कयाक आडवी फिरलेली, आणि ओहोटी तिला ओढत नेतेय खाडीच्या तोंडाकडे — जिथे पाण्याखालच्या वाळूच्या पट्ट्यावर समुद्र फुटतो. पंप टाकला, वल्हं घेतलं. तोंड सरळ केलं, तोवर पाणी गुडघ्यांवर. वल्हं टाकलं, पंप घेतला. होडी पुन्हा आडवी.

उपसावं तर वाहून जातो, वल्हवावं तर बुडतो! हात दोनच. आमची आपली साधी जुळवलेली ओवी आहे, तबलजी, जरा हळू वाजवा —

पाणी शिरे आत । दोनच हे हात ।
कोण देई साथ । सांग देवा ॥

आणि साथ समोरच होती हो! शेवंती. ओहोटीला ती रोज आपलं होडकं घेऊन शिंपले काढायला यायची. तिनं पाहिलं आणि हाक दिली, "दादा, येव काय?"

अच्युताच्या तोंडून काय निघालं असेल? जन्माची सवय! "नको गो. जमता माका."

शेवंती थांबली. का नाही थांबणार? एकदा परत पाठवलेली बाई ती. पण तिनं पाठ फिरवली नाही. होडक्यात उभी राहून बघत राहिली.

पाणी कमरेला लागलं. फुटणाऱ्या लाटांचा आवाज जवळ आला. अच्युताला मरणाचं भय वाटलं, पण त्याहून मोठं भय वाटलं ते त्या एका शब्दाचं. तो शब्द त्यानं कधी उच्चारलाच नव्हता. आणि मग, मंडळी, त्या भल्या माणसानं हाक मारली —

"शेवंते, धर गो."

तिनं वल्ही मारली. होडकं कयाकला भिडवलं, नांगराचा दगड पाण्यात सोडला आणि वाकून दोन्ही हातांनी कयाकचा काठ पकडला. "तू पाणी काढ. मी सोडूचंय नाय."

ओहोटी ओढत होती, दोर ताणला होता, आणि होडी जागच्या जागी उभी! अच्युतानं दांडा ओढला. पाणी बाहेर. पुन्हा ओढला. पाणी बाहेर. आणि त्याची नजर काठावर गेली. शिंपल्यांनी चिरलेली तिची बोटं. त्यांच्याशेजारी आपले दोन हात. दोन उपसताहेत, दोन धरून आहेत. त्याचे हात क्षणभर थांबलेच. गावच्या देवळात तो ज्या शंखचक्रधारी मूर्तीपुढे रोज वाकत होता, तिचे हात तो आज मोजत होता. चार!

मी इतकी वर्षं शंख, चक्र, गदा, पद्म सांगत आलो, मंडळी. पण चार हात कुणाचे, हे मला या प्लंबरानं सांगितलं. अंगावर काटा येतो हो अजून.

अच्युत रडला. उपसता उपसता रडला. होडी रिकामी झाल्यावर म्हणाला, "मी हाक मारलंय नसतंय तर?"

शेवंती म्हणाली, "तरी येतलंय. पण धर म्हणान तुझ्या तोंडान ऐकूचा होता."

आता वळतो तुमच्याकडे. तुम्ही सगळे देणारे. अन्नदान करता, वर्गणी देता, रात्री-अपरात्री दुसऱ्यासाठी धावता. मी नमस्कार करतो तुम्हाला. पण दारात कुणी काही घेऊन आलं, तर ते हात रिकामे परत जातात की भरलेले? जो कुणाचंच घेत नाही, तो समोरच्याला देणारा होऊ देत नाही. देवाचे दोन हात तो दाराबाहेरच उभे ठेवतो!

आता आरती. ताट एकट्यानं धरायचं नाही. ज्याच्याकडून आजवर तुम्ही काही घेतलं नाहीत, असा माणूस याच मंडपात बसलाय. त्याला हाक मारा, धर म्हणा. घाई नाही. मी थांबतो.