ताईच्या नावाचं पाकीट

(ताईचं फोटोफ्रेमांचं दुकान. दुपार. धाकटी बहीण औषधाच्या दुकानातून थेट इथे आली आहे.)

धाकटी: हसू नकोस. आधी सांग, औषधवाल्याने मला दोन पाकिटं का दिली?

ताई: चुकून दिली असतील. काचेपासून लांब हो, कडा घासायच्या राहिल्यात.

धाकटी: चुकून? ‘ताई या महिन्यात आल्याच नाहीत, त्यांचंही घेऊन जा’ म्हणाला. दोन्हीत त्याच गोळ्या. पाळी बंद ठेवणाऱ्या. मला ऑपरेशनचं ठरेपर्यंत घ्यायला सांगितल्यात, त्याच.

ताई: माझ्या थायरॉईडच्या असतील.

धाकटी: मला वाचता येतं. नाव तेच, रंग तोच.

ताई: ठेव तिथे खिळ्यांच्या डब्याशेजारी. गिऱ्हाईक येईल आता.

धाकटी: येऊ दे. महिनाभर माझं डोकं कोण खातंय? ‘गोळ्यांच्या नादी लागू नकोस, ऑपरेशन करून टाक. माझं बघ, सहा वर्षं झाली, मुळापासून गेलं.’ मुळापासून गेलं, तर तू या गोळ्या कशाला खातेस?

ताई: तू उद्या डॉक्टरीणबाईंना काय ते कळवणार आहेस ना?

धाकटी: विषय बदलू नकोस.

ताई: विषय तोच आहे. तुझ्या अंडाशयावर पाच सेंटिमीटरची गाठ आहे.

धाकटी: आहे. एंडोमेट्रिओसिस आहे, आणि माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. गोळ्या घेतल्या तर दुखणं दबेल, पण तोवर मुलाचा विचार बाजूला. ऑपरेशन केलं तर गाठ निघेल, पण अंडाशयाला धक्का बसू शकतो आणि परत होणार नाही याची हमी नाही. डॉक्टरीणबाई स्वतः हमी देत नाहीत, आणि तू छातीठोकपणे देतेस! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ताई: कसली पाल?

धाकटी: त्यांच्या दवाखान्यातल्या झाडून सगळ्या फ्रेमा तुझ्या हातच्या. म्हटलं, ताईच्या फ्रेमा त्यांच्या भिंतीवर, म्हणून माझं पोट त्यांच्या टेबलावर.

ताई: लाज नाही वाटत असं बोलायला?

धाकटी: वाटते. म्हणून तर महिनाभर बोलले नाही. नंतर वाटलं, आईनेच तुला पढवलंय. गोळ्या घेतल्या तर नातवंड लांबणीवर पडेल ना.

ताई: आईने काही पढवलं नाही. तिला तर माझ्या या गोळ्यांचं माहीतच नाही.

धाकटी: आणि दाजींना?

ताई: त्यांनाही थायरॉईडच सांगितलंय.

धाकटी: नवऱ्याला! धन्य आहेस बाई.

ताई: हळू बोल. शेजारचा चष्मेवाला कान टवकारूनच बसलेला असतो.

धाकटी: परत कधीपासून दुखतंय?

ताई: घासपेपर दे जरा तिकडचा.

धाकटी: ताई.

ताई: तीन वर्षं होतील. ऑपरेशननंतर तीन वर्षं बरी होते, मग हळूहळू सुरू झालं. गोळ्यांनी बरंच दबतं. पण तुझ्या चिठ्ठीवर त्याच गोळ्या आल्या, तेव्हापासून औषधवाल्याच्या दुकानात जायचं टाळलं. तोंडाचा फाटका माणूस तो.

धाकटी: आणि मला थापा मारल्यास.

ताई: खरं कळलं तर तू थांबशील, म्हणून. मी थांबले होते, आठ वर्षं. दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा डावं अंडाशय वाचवण्यासारखं उरलंच नव्हतं. काढून टाकलं त्यांनी.

धाकटी: काय? तू तर छोटीशी गाठ म्हणाली होतीस!

ताई: म्हणाले खरी.

धाकटी: अगं, आम्ही काय परके होतो?

ताई: परक्यांचं काय, त्यांना फरक पडत नाही. घरात सगळे म्हणायचे, हिचं नाटक आहे. पोटावर टाके दिसले तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता गोळ्या सोडू नका, ऑपरेशनचा गुण टिकायला मदत होईल. मी घेतल्या नाहीत. बरी झाले म्हणून गावभर सांगितलं होतं ना! गोळ्या खाताना दिसले असते, तर परत तेच. एवढं ऑपरेशन झालं तरी हिचं रडगाणं चालूच.

धाकटी: मी नसतं म्हटलं.

ताई: तू म्हटलंयस.

धाकटी: मी? कधी?

ताई: कॉलेजात होतीस. पाहुणे यायचे होते, भांड्यांचा ढीग पडला होता आणि मी पोट आवळून पडले होते. दारात मैत्रिणीला म्हणालीस, ‘आमच्या ताईला काम दिसलं की पोटात दुखतं.’ दोघी हसलात.

धाकटी: मला आठवतसुद्धा नाही.

ताई: तुला कशाला आठवेल?

धाकटी: गेल्या आठवड्यात गाडी शिकवत होते. शिकाऊ बाईने कचकन ब्रेक दाबला, पट्टा पोटात रुतला, डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी कडेला घ्यायला लावली, तर म्हणते, ‘मॅडम, आज शिकवायचा कंटाळा आलाय वाटतं.’ असा राग आला होता मला! आणि मी तुला तेच म्हटलं होतं.

ताई: जाऊ दे गं.

धाकटी: नको जाऊ देऊस. एकच विचारते, आणि आता खोटं बोललीस तर या दुकानाची पायरी चढणार नाही. हे सगळं माहीत असताना, परत ती वेळ आली तर करशील ऑपरेशन?

ताई: करेन. आठ वर्षं आधी करेन. त्या तीन वर्षांत मी जिने धावत चढलेय. पण तुझं पोट वेगळं. तू गोळ्याच घेते म्हणालीस, तरी मी चकार शब्द काढणार नाही.

धाकटी: ‘मुळापासून गेलं’ यातलं एक अक्षर पटलं नव्हतं मला. ‘तीन वर्षं’ पटतंय. उद्या ऑपरेशनची तारीख घेते. नंतर गोळ्या किती दिवस, मुलाचं कधी, तेही विचारते. आणि तू माझ्याबरोबर येतेस, दाखवायला.

ताई: मला काय झालंय?

धाकटी: मी आल्यापासून त्या स्टुलावरून हललेली नाहीस. आत्ता दुखतंय?

ताई: छे. जरा अवघडलंय इतकंच.

धाकटी: ताई.

ताई: हो. सकाळपासून. उभं राहवत नाहीये मला. खरं वाटतंय तुला?

धाकटी: वाटतंय. हात दे.